साल वेगळी, डाळ वेगळी



खरं तर या वेळी कैरीच्या लोणच्याबद्दल लिहायचं होतं. कैऱ्या आणूनही ठेवल्यात. पण गेल्या रविवारी आमच्या महिला मंडळात एक व्याख्यान झालं आणि तिथे जिथे बोलायला हवं होतं तिथे मी गप्प बसले. ते गप्प बसणं आठ दिवस जिवाला खातंय. म्हणून लोणचं नंतर, आधी हे.

व्याख्यानाचा विषय होता ‘चेतना हाच जगाचा पाया’. बोलणाऱ्या मॅडम छान बोलल्या. पडद्यावर चित्रं, मागे मंद संगीत. दगड, झाड, तुमचं शरीर, तुमचा आजार, बँकेतला पैसा, सगळं एकाच चेतनेचं रूप. बाहेर असं काही नाहीच. जसा विचार तसं जग. आम्ही माना डोलावल्या. का नाही डोलावणार? चेतना, आत्मा, कर्म हे शब्द तर आपलेच. आपल्याच घरातलं भांडं दुसऱ्याच्या हातात दिसलं की आपण म्हणतो, अरे, हे ओळखीचं आहे. आत काय ठेवलंय ते बघत नाही.

शेवटी प्रश्नांची वेळ आली. तिसऱ्या रांगेतली एक सून उभी राहिली. चाळिशीची असेल. म्हणाली, “माझ्या सासूबाई दोन वर्षं झाली, मला ओळखत नाहीत. रात्री उठतात आणि कडी काढून बाहेर जातात. त्यांची चेतना कुठे गेली?”

मॅडम म्हणाल्या, त्यांच्या चेतनेची पातळी खाली गेली आहे. घर म्हणजे आरसा असतो, घरातल्या बाईच्या मनात जे चाललेलं असतं तेच घरात दिसतं. तुम्ही स्वतःवर काम करा, बाकी आपोआप सुधारेल. आणि त्या पाठोपाठ पुढच्या महिन्यातल्या शिबिराची फी सांगितली.

ती सून खाली बसली. पदर नीट केला, पिशवी मांडीवर घेतली आणि शेवटपर्यंत मान वर केली नाही. आम्ही चाळीस बायका. एकीनेही काही म्हटलं नाही. मीही नाही. आणि मी तर माझ्या सासूबाईंचं हेच दुखणं सहा वर्षं काढलेली बाई.

म्हणून आज स्पष्ट लिहिते. ‘सगळं चेतनाच आहे’ हे आपल्या धर्माचं म्हणणं नाही. ऐकायला आपलं वाटतं, पण ते मान्य केलं तर आपली अहिंसाही जाते आणि सेवाही जाते.

दशलक्षणात आपण दहा दिवस तत्त्वार्थसूत्र ऐकतो, रोज एक अध्याय. दुसऱ्या दिवशी आपल्याला सांगतात की उपयोग, म्हणजे जाणण्या-पाहण्याची शक्ती, हे जीवाचं लक्षण. तेवढं आपल्या लक्षात राहतं. पाचवा दिवस येईपर्यंत उपवासाने डोळे मिटायला लागलेले असतात, कुणाचं पारण्याचं नियोजन चाललेलं असतं. आणि नेमका पाचवा अध्याय अजीवाचा! पुद्गल, धर्म, अधर्म, आकाश, काळ. जीव धरून सहा द्रव्यं, आणि सहाही खरी. पुद्गल हा भास नाही, स्वप्न नाही, माझ्या विचाराची सावली नाही. तो आहे, त्याचे त्याचे गुण घेऊन आहे. मी बघितलं तरी आहे, नाही बघितलं तरी आहे.

त्याच अध्यायात पुद्गलाचे उपकार मोजलेत. त्यात शरीर येतं, वाणी येते, श्वास येतो, आणि मनही येतं! मन पुद्गलाच्या बाजूला लिहिलंय, हे मी पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा दचकले होते. पण विचार करा, किती सरळ आहे. जाणणारा जीव. पण संसारी जीव जाणतो ते डोळे, कान, मन या साधनांतून. साधन झिजलं की जाणणं अडतं. जाणणारा नाहीसा होत नाही.

मी बी.कॉम. झाले तेव्हा हाताने वह्या लिहायचे दिवस होते. तेरीज जुळली नाही की फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकायची आणि चूक सापडेपर्यंत पुढे जायचं. तात्पुरतं चालतं ते. पण कुणी सगळ्याच नोंदी उचंत खात्यात टाकल्या आणि म्हणालं, बघा कसा हिशेब सोपा झाला, तर आमचे सर वही फेकून देत. ‘दगडही चेतना, आजारही चेतना, पैसाही चेतना’ हे मला तसलंच उचंत खातं वाटतं. सगळं एकाच नावावर टाकलं की काहीच समजावून सांगावं लागत नाही. कुणाचं देणं कुणाकडे निघतं तेही कळत नाही. आपल्या आचार्यांनी जीवाचं खातं वेगळं ठेवलं, अजीवाचं वेगळं ठेवलं आणि दोघांचा व्यवहार कसा होतो ते आस्रव, बंध, संवर, निर्जरा असं ओळीने मांडलं. कर्मसुद्धा आपल्याकडे नुसता विचार नाही, सूक्ष्म पुद्गल आहे. जडाला इतकं गंभीरपणे घेणारा आपला धर्म, आणि आपण टाळ्या कशाला वाजवतो, तर जड नाहीच म्हणणाऱ्याला!

शिवभूती मुनींची गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. श्वेतांबर भगिनींकडे तीच थोड्या फरकाने सांगतात. शिवभूतींना पाठांतर होत नसे. गुरूंनी सांगितलेलं चार शब्दांचं वचनही लक्षात राहिना. ‘तुष-माष’ एवढंच घोकत राहिले. मग एक बाई उडदाची डाळ धुताना दिसली. साल वर येतेय, डाळ खाली राहतेय. त्यांना उमगलं, शरीर ही साल आणि आत्मा ही डाळ. त्या एका भेदज्ञानावर ते केवलज्ञानापर्यंत गेले.

आता या गोष्टीत त्या मॅडमचं तत्त्वज्ञान घालून बघा. सालही चेतना, डाळही चेतना, पाणीही चेतना. मग मुनींनी वेगळं काय केलं? निवडायलाच काही उरलं नाही. डाळ धुणारी बाई मात्र दोन्ही खरं मानते, म्हणून तर तिच्या हाताला काम आहे. आणि दुसरी गोष्ट. ज्यांना चार शब्द आठवत नव्हते ते मुनी सर्वज्ञ झाले. म्हणजे आठवण म्हणजे आत्मा नव्हे. स्मरणशक्ती गेली म्हणून ‘चेतनेची पातळी खाली गेली’ असं आपल्या गोष्टीसुद्धा म्हणत नाहीत.

माझ्या सासूबाईंचं सांगते. आधी पाच मिनिटांपूर्वीचं विसरायला लागल्या. मग भाजीत मीठ तीनदा. मग माझं नाव गेलं, मग मुलाचं. डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. 1906 साली अल्झायमर नावाच्या जर्मन डॉक्टरने एका बाईच्या मेंदूत या रोगाच्या खुणा पहिल्यांदा दाखवल्या, म्हणून ते नाव. मेंदूत नको ती प्रथिनं साठतात, पेशी मरतात, आणि नवीन आठवण साठवणारा भाग बहुधा आधी धरला जातो. म्हणून सकाळचा नाष्टा आठवत नाही आणि माहेरची विहीर आठवते.

पुष्कळ दिवस त्यांना एक गोष्ट मात्र यायची. मी गॅस पेटवायला गेले की माझं मनगट धरायच्या. आधी बर्नर बघायच्या, मुंगी-बिंगी नाही ना. मग सोडायच्या. मी कोण हे माहीत नाही, पण मुंगी माहीत. डॉक्टर म्हणाले, हातात मुरलेल्या जुन्या सवयी उशिरा जातात. मीही त्याला चमत्कार म्हणणार नाही. कारण शेवटच्या वर्षी तेही गेलं. नुसत्या पडून असायच्या. मग तेव्हा त्यांच्यात जीव कमी होता का?

आपलं शास्त्र याला उत्तर देतं, आणि मला त्या दिवसांत याच उत्तराने उभं ठेवलं. निगोदातल्या अतिसूक्ष्म जीवाचंही ज्ञान पूर्ण झाकलं जात नाही. एक बारीकसा अंश कायम उघडा असतो. तोही झाकला गेला तर जीव अजीव होईल, आणि जीव कधी अजीव होत नाही. निगोदातल्या जीवाला जे आहे ते माझ्या पंचेंद्रिय, मनुष्यजन्मातल्या सासूबाईंना नव्हतं? ढगाआड गेला म्हणून सूर्य लहान होतो का? चेतनेला ‘पातळी’ लावून माणसाला खालच्या फळीवर ठेवायचा अधिकार कुणाला दिला?

आणि माझीही कबुली देते, नाहीतर हा लेख खोटा होईल. एका रात्री तिसऱ्यांदा चादर बदलताना मी त्यांच्यावर ओरडले, “काही शुद्ध उरलीय का तुम्हाला?” त्या घाबरून भिंतीकडे सरकल्या. शब्द कळले नसतील, माझा आवाज कळला. सुख-दुःख जाणणारा कुणीतरी तिथे होता. त्या रात्री ते मला ग्रंथ न उघडता कळलं.

आता अहिंसेचं बघा. पाणी दुहेरी फडक्याने गाळायचं, फडक्यावर राहिलेलं जिथलं पाणी तिथे हळूच परत सोडायचं, हे आपण का करतो? कारण त्या पाण्यात माझ्याहून वेगळे, मला न दिसणारे, माझ्या विचारावर अवलंबून नसलेले जीव आहेत. मी आनंदात असेन, दुःखात असेन, ते आहेत. ‘जग म्हणजे माझ्या मनाचं प्रतिबिंब’ म्हटलं की मुंगी हे माझंच प्रतिबिंब झालं. मग तिच्यासाठी बर्नर कशाला बघायचा? आरशातल्या प्रतिमेला कुणी जपतं का? दुसरा खरा आहे, त्याचं दुखणं त्याचं आहे, या एका गोष्टीवर आपलं सगळं आचरण उभं आहे. आणि हो, जीवांनी एकमेकांच्या उपयोगी पडावं हे प्रसिद्ध सूत्रही त्याच पाचव्या अध्यायात आहे, जिथे आपल्याला झोप लागते.

कुणी म्हणेल, हे तर विज्ञानानेही सिद्ध केलंय, क्वांटम. मॅडमही म्हणाल्या, बघणाऱ्यामुळे कण बदलतो. मी विज्ञान शिकलेली नाही, पण माझा भाचा भौतिकशास्त्र शिकवतो, त्याला विचारलं. तो म्हणाला, मावशी, तिथे ‘बघणं’ म्हणजे मोजणं. यंत्राचा आणि कणाचा संबंध येणं. खोलीत माणूस नसला तरी यंत्र मोजतंच. तुझ्या विचाराने कण हलत नाही. मग आजार कुठून हलणार? उलट बाजूचे लोकही आहेत. ते म्हणतात चेतना म्हणजे फक्त मेंदूतलं रसायन. तेही सिद्ध झालेलं नाही. मेंदूतल्या हालचालीबरोबर आत ‘जाणवतं’ का, या कोड्याला डेव्हिड चामर्स या तत्त्वज्ञाने 1995 साली ‘कठीण प्रश्न’ असं नाव दिलं, आणि आजही पंडित त्यावर भांडताहेत. तेव्हा आपल्या तत्त्वांना क्वांटमचं प्रमाणपत्र नको आणि प्रयोगशाळेची भीतीही नको.

अद्वैत मानणाऱ्या शेजारणींचा मी अपमान करत नाही. ते मोठं दर्शन आहे, शंकराचार्यांची परंपरा आहे, आणि खरा वेदांती कधी म्हणणार नाही की सुनेच्या विचारांमुळे सासू आजारी पडली. आपलं त्यांच्याशी मतभेदाचं नातं आहे, आणि ते हजार वर्षांचं आहे. माझं भांडण आहे ते ‘विचार बदला, फी भरा’ या दुकानाशी. कुणी मला अनेकांताची आठवण करून देतील. अनेकांत म्हणजे वस्तूला अनेक बाजू असतात. कुणी काहीही बोलावं आणि सगळंच बरोबर, असा त्याचा अर्थ नाही.

पण बोट फक्त बाहेर दाखवून चालणार नाही. आपल्याकडेही याच जातीचं बोलणं चालतं, फक्त शब्द प्राकृत-संस्कृत असतात. भेटायला येणाऱ्या बायका दारातच म्हणतात, “पूर्वकर्म गं, भोगायलाच हवं.” चहा पितात आणि जातात. कर्म आहेच. पण दुसऱ्याचं कर्म वाचायला आपण केवली आहोत का? ज्याचं दुःख त्याच्याच माथी मारून आपण मोकळं होणं, यात त्या मॅडममध्ये आणि आपल्यात फरक काय? दुसऱ्या काहीजणी समयसार वाचून म्हणतात, आत्मा आजारी पडतच नाही, कुणी कुणाचं काही करत नाही. निश्चयनयाने बरोबर आहे. पण निश्चयनय हा स्वतःचा मोह कमी करायला आहे, दुसऱ्याची चादर न बदलण्यासाठी नाही. वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, हे अंतरंग तपांत मोजलंय. प्रायश्चित्त, विनय, आणि लगेच तिसरं वैयावृत्त्य. स्वाध्यायाच्याही आधी!

मग माणसाचा विकास म्हणजे काय? शिबिरात ‘चेतना विस्तार’ सांगतात आणि मोजतात कशावर, तर पैसा येतो का, मन प्रसन्न राहतं का, हवं ते मिळतं का. आपल्याकडे चौदा गुणस्थानांची शिडी आहे. ती मिथ्यात्वापासून सुरू होते. चौथ्या पायरीवर श्रद्धा खरी होते, पाचवीवर अणुव्रतं येतात, आणि संसारात राहणारी आपल्यासारखी बाई तिथपर्यंत जाऊ शकते. त्या शिडीवर काय मोजलंय? कषाय किती उतरले ते. राग किती, गर्व किती, कपट किती, हाव किती. बुद्धी नाही, पाठांतर नाही, उत्पन्न नाही. महावीर भगवंतांच्या पूर्वभवातल्या सिंहालाही मुनींच्या उपदेशाने सम्यक्त्व झालं, तो कुठल्या शिबिराला गेला होता? सहा वर्षांत माझ्या आवाजातली धार थोडी उतरली. माझा काही विकास झाला असेल तर तेवढाच, आणि तो सासूबाईंच्या उशाशी झाला.

आता कामाचं. घरात कुणी विसरायला लागलं तर आधी डॉक्टरांकडे न्या. सगळंच विसरणं अल्झायमर नसतं. थायरॉइड कमी असलं तरी विसरायला होतं. बी-12 कमी असलं तरी होतं, आणि आपण तर शाकाहारी; ते जीवनसत्त्व आपल्याला दूध-दह्यातूनच काय ते मिळतं. दोन्ही साध्या रक्ततपासणीत कळतात आणि दोन्हींवर औषध आहे. खरंच अल्झायमर निघाला तर तो बरा होत नाही, हे मनाशी धरा आणि तरीही करण्यासारखं खूप असतं. दाराला वरची कडी लावा, जिथे त्यांचा हात जात नाही. साडीच्या पदराला आतून नाव आणि फोन नंबर शिवून ठेवा. त्यांच्याशी वाद घालू नका. रोज त्याच वेळी जेवण, त्याच वेळी णमोकार. आणि एकटीने ओढू नका. नणंदा, जावा, मुलगे, सगळ्यांना वार वाटून द्या, चक्क कागदावर लिहून.

त्या सुनेचा पत्ता मी मंडळातून मिळवला आणि काल तिच्याकडे जाऊन आले. क्षमा मागितली. ती म्हणाली, “काकू, मला खरंच वाटायला लागलं होतं की माझ्यामुळे झालं. आठ दिवस मी मनात वाईट विचार येतोय का तेच मोजत होते.” ऐकून माझ्या पोटात गोळा आला. आपल्या चाळीस जणींच्या गप्प बसण्याची किंमत तिने अशी भरली.

आता दर गुरुवारी सकाळी दोन तास मी तिच्या सासूबाईंजवळ बसणार आहे. तेवढ्यात ती बस्तीत जाऊन येईल, नाहीतर नुसती झोपेल, तिची इच्छा. मंगळवार आणि शनिवार अजून रिकामे आहेत. आपल्या मंडळातल्या कुणाला जमत असेल तर मला कळवा. काही यायला लागत नाही. डाळ निवडायला घेऊन बसलं तरी चालतं. त्यांना ताटातली डाळ बोटांनी सारखी करायला आवडते.

जयजिनेंद्र.